बेहेरेबाईंचं वर्कशॉप

बेहेरेबाईंच्या वर्कशॉपला भिंती नव्हत्या, शटर नव्हतं, आत एक पानासुद्धा नव्हता, तेव्हाही तिथे दारातूनच जावं लागायचं.

त्यांचं रो-हाऊस आमच्याच ओळीत, कोपऱ्यावरचं. बाजूला पत्र्याची शेड आणि शेडखाली लाल रंगाची जुनी छोटी गाडी. एका संध्याकाळी बँकेतून आलो, बायकोने, मनीषाने, हातात थालीपिठांचा डबा दिला आणि मी तो घेऊन नेहमीसारखा शेडमधून आत निघालो.

“पाटकर, थांब!”

मी होतो तिथे थांबलो. शाळा सोडून तीस वर्षं झाली, पण तो आवाज आला की माझे पाय मला न विचारता थांबतात.

“कुठून आलास?”

“बँकेतून.”

“ते मला माहीत आहे. आत कुठून आलास?”

मी खाली बघितलं. कोब्यावर खडूने दोन समांतर पांढऱ्या रेघा मारलेल्या. माझा एक पाय रेघांच्या अलीकडे आणि एक पलीकडे.

“भिंतीतून आलास,” बाई म्हणाल्या. “सहा इंची भिंत आहे ती. मागे फिर. दार त्या अंगाला.”

मी मागे फिरलो आणि वळसा घालून दारापाशी गेलो. दार म्हणजे खडूचं पाव वर्तुळ. मी त्यात पाऊल टाकणार, तेवढ्यात बाई म्हणाल्या, “दार बाहेर उघडतं. लागेल तुला.” मी एक पाऊल मागे सरलो, हवेत हात घालून कडी काढली आणि आत गेलो. वय वर्षं शेचाळीस, बँकेत अधिकारी, दोन मुलांचा बाप, आणि मी हे केलं. बाईंनी डबा घेतला, चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, “आणि दार कोण लावणार?”

मी परत जाऊन दार लावून आलो.

शशिकला बेहेरे. डोंबिवलीतल्या एका मराठी शाळेत त्यांनी चौतीस वर्षं भूमिती शिकवली. उंची पाच फूटसुद्धा नाही, पण फळ्यावर नुसत्या हाताने वर्तुळ काढायच्या ते असं गोल, की आमच्या कंपासपेट्यांना आपली लाज वाटावी. लग्न केलं नाही. कॉलनीत सगळे त्यांना ‘बाई’च म्हणतात, ज्यांना त्यांनी कधी शिकवलं नाही तेसुद्धा. आणि त्या सगळ्यांना आडनावाने हाक मारतात, ज्यांना कधी शिकवलं नाही त्यांनासुद्धा.

जगातल्या कुठल्याही अडचणीकडे त्या एकाच रस्त्याने जातात. आधी पक्ष, मग साध्य, मग रचना, मग सिद्धता. मराठी शाळेत शिकलेल्यांना हे शब्द नुसते ऐकूनही घाम फुटेल. एकदा दूधवाला उशिरा आला. बाई दारात उभ्या. “पक्ष काय? दूध सहाला येतं. साध्य काय? आज साडेसातला का आलं. कर सिद्ध.” दूधवाल्याने म्हैस व्याल्याचं सांगितलं. बाईंनी विचारलं, “तुझ्या बाकीच्या म्हशींचा या म्हशीच्या बाळंतपणाशी संबंध काय?” दुसऱ्या दिवसापासून दूध पावणेसहाला.

गाडी चालवायला त्या एकसष्टाव्या वर्षी शिकल्या. कोणी म्हणालं, या वयात कशाला, रिक्षा आहेत की. बाईंनी दुसऱ्याच दिवशी क्लासची फी भरली. शिकवणारा इन्स्ट्रक्टर म्हणाला, “मागे घेताना स्टिअरिंग थोडं फिरवा.” बाईंनी विचारलं, “थोडं म्हणजे किती अंश?” त्या माणसाने आयुष्यात पहिल्यांदा या गोष्टीचा विचार केला. शेवटी शेवटी तोच मनीषाला सांगत होता, “तुमच्या बाई मलाच गाडी मागे घ्यायला शिकवून गेल्या.”

मग त्यांनी कल्याणच्या एका डॉक्टरांकडून ही लाल गाडी घेतली. वर्षभर ती सुतासारखी सरळ चालली आणि मग एके दिवशी मागच्या बाजूने आवाज यायला लागला. खडखड, खडखड. डब्यात खडे घालून कोणी हलवतंय असा. दर वेळी यायचा नाही, पण आला की जायचा नाही.

बाई गाडी घेऊन शीळफाट्याच्या रस्त्यावरच्या एका गॅरेजमध्ये गेल्या. मी सोबत होतो, म्हणून पुढचं प्रत्यक्ष ऐकलेलं आहे. गॅरेजचा मालक तिशीतला, बोलायला गोड. त्याने गाडी एकदा मागून दाबून बघितली आणि माझ्याकडे बघून म्हणाला, “दोन्ही शॉकॲबसॉर्बर गेले, साहेब.”

बाईंनी विचारलं, “कशावरून?”

तो माझ्याकडेच बघत राहिला. “अनुभव असतो ना, साहेब.”

“गाडी माझी आहे. मला सांग. कशावरून?”

आता तो बाईंकडे वळला आणि लहान मुलाशी बोलावं तसं हसून म्हणाला, “आजी, तुम्हाला नाही कळायचं ते. घरात कोणी पुरुषमाणूस असेल तर पाठवा, त्यांना नीट समजावतो.”

मी डोळे मिटले. चौतीस वर्षांत कोणी त्या आवाजात बाईंशी बोललं नसेल. पण बाई शांतपणे गाडीत बसल्या आणि आम्ही निघालो. घरी पोचेपर्यंत मागे खडखड चालू आणि पुढे बाई गप्प.

त्यानंतर त्या आणखी दोन ठिकाणी गेल्या. एकाने काहीतरी बदललं, दुसऱ्याने त्याने बदललेलं परत बदललं. आवाज आपला तसाच. त्या आठवड्यात बाई जरा वेगळ्याच दिसत होत्या. चिडलेल्या नाही, अस्वस्थ. गुरुवारी संध्याकाळी त्यांनी मला बोलावलं आणि टेबलावरची शंभर पानी वही माझ्याकडे सरकवली. पहिल्या पानावर त्यांच्या सुबक अक्षरात लिहिलं होतं:

पक्ष : गाडी चालताना मागून खडखड असा आवाज येतो.
साध्य : आवाज जाणे.

“पुढचं पान बघ,” त्या म्हणाल्या.

पुढच्या पानावर एकच शब्द होता. रचना.

“रचनेशिवाय सिद्धता होत नाही, पाटकर. मला जागा लागेल, उजेड लागेल आणि हत्यारं लागतील. वर्ग बांधल्याशिवाय परीक्षा घेता येत नाही.”

“बाई, पण एवढ्याशा आवाजासाठी वर्कशॉप?”

“आवाज एवढासाच असतो,” त्या म्हणाल्या. “ज्याला ऐकू येतो त्याला विचार.”

मला वाटलं, हे त्या गॅरेजवाल्याला धडा शिकवायचं चाललंय. कॉलनीलाही तेच वाटलं.

खडूच्या भिंती आणि खडूचं दार यानंतर चार दिवसांनी आलं. कागदावर नकाशा काढून बाईंचं समाधान होईना. कागदावर माणूस चालत नाही, म्हणाल्या. म्हणून वर्कशॉप जमिनीवर पूर्ण मापात काढलं आणि त्यात आठवडाभर वावरून बघितलं. काल्पनिक कपाट उघडायचं, काल्पनिक बाकापाशी वळायचं, कुठे अडखळतो ते बघायचं. गाडीचं माप त्यांनी चारही दारं आणि डिकी उघडून घेतलं. “सगळे बंद गाडीचं माप घेतात आणि मग दार उघडलं की भिंतीला घासतं. काम उघड्या गाडीवर होतं.” हे मला पटलं. माझ्या पार्किंगच्या भिंतीवर माझ्या दाराचा रंग अजून आहे.

मग त्या म्हणाल्या, “झोप.”

“काय?”

“गाडीखाली माणूस शिरला तर त्याचे पाय किती बाहेर राहतात ते बघायचंय. शटर पाडलं तर पाय आत राहिले पाहिजेत. झोप उताणा.”

मी ऑफिसच्या कपड्यांत कोब्यावर आडवा झालो. बाई माझ्याभोवती खडू फिरवत गेल्या. डोकं, खांदे, हात, पसरलेले पाय. मग मी उठलो, कपडे झटकले आणि घरी गेलो. ती आकृती तिथेच राहिली.

सकाळी साडेसातला मनीषाला मागच्या ओळीतून फोन आला. “अगं, पाटकर ठीक आहेत ना?” मी दात घासत होतो. बाहेर जाऊन बघितलं तर बाईंच्या शेडपाशी सात-आठ माणसं, वॉचमन आणि एक पेपरवाला त्या आकृतीकडे बघत उभे होते. एवढ्यात बाई चहाचा कप घेऊन बाहेर आल्या. “तो पाटकर आहे,” त्या म्हणाल्या, “आणि तुम्ही सगळे भिंतीवर उभे आहात.” माणसं खाली बघून पटापट बाजूला झाली.

बाकाच्या उंचीसाठी वेगळाच प्रयोग. बाई तीन दिवस तीन वेगवेगळ्या उंचीवर परात ठेवून कणीक मळत होत्या. “ज्या उंचीवर कणीक मळताना पाठ बोलत नाही, त्या उंचीवर पाना फिरवतानाही बोलणार नाही.” त्या तीन दिवसांत कॉलनीतल्या अर्ध्या घरांना बाईंकडच्या पोळ्या मिळाल्या. तिसऱ्या दिवशीची उंची ठरली. मला त्या बाकावर काम करायचं तर वाकावं लागतं. तसं सांगितल्यावर म्हणाल्या, “बाक तुझ्यासाठी नाही.”

लोखंडी बाक करायला मानपाड्याचे भोईर आले. मोठा माणूस, गळ्यात चेन, फॅब्रिकेशनचा धंदा, अख्ख्या परिसरातली गेटं आणि ग्रिल त्यांच्या हातची. त्यांनी बाक आणून ठेवला, वर थाप मारली आणि म्हणाले, “बाय, यावर हत्ती बसवलाव तरी हालाचा नाय.”

“हत्तीचं वजन किती धरलंस?” बाईंनी विचारलं.

भोईर माझ्याकडे बघायला लागले. “आता हत्तीचा वजन मना कसा ठाव असंल, बाय?”

“मग विधान करू नये.” बाईंनी बाकाचा एक कोपरा दोन बोटांनी दाबला. बाक किंचित डुलला. “चौकोन आहे ना, म्हणून डुलतो. चौकोन ढकलला की तिरका होतो. त्रिकोण होत नाही. या दोन पायांमध्ये एक तिरकी पट्टी मार.”

भोईरांनी तिथल्या तिथे पट्टी मारली. मग स्वतः बाकावर चढून बसले, उड्या मारल्यासारखं केलं. बाक हू की चू नाही. ते खाली उतरले आणि बाईंना म्हणाले, “बाय, बत्तीस वरसं मी गेटं करताव. यो मना कुनी सांगला नव्हता.” त्या दिवसापासून भोईर बाईंचे. शटर त्यांनी स्वतः उभं राहून बसवलं आणि त्यांच्या गेटांमध्येसुद्धा तिरक्या पट्ट्या दिसायला लागल्या.

गवंड्याशी मात्र भांडण झालं. त्याने नवा कोबा करताना पाणी जावं म्हणून उतार ठेवला. बाईंनी चार गोट्या जमिनीवर सोडल्या. चारही शटरखालून रस्त्यावर. “पाण्याला उतार हवा, कबूल. पण गाडी उचलल्यावर तीही याच वाटेने जाईल आणि पाटकर खाली असेल.” गाडी उभी राहते तेवढा भाग परत सपाट झाला. मी गवंड्याची माफी मागितली आणि मनातून बाईंचे आभार मानले.

पंख्याने हवा बाहेर टाकायची सोय झाली, कारण बंद जागेत इंजिन चालू ठेवणं म्हणजे विषाची परीक्षा. आग विझवायचं नळकांडं दाराशीच लागलं, आतल्या भिंतीला नाही. आग लागल्यावर माणूस आत पळत नाही, बाहेर पळतो, असं बाईंचं म्हणणं. ट्यूबलाइट कुठे लावायची यासाठी मी एक संध्याकाळ काठीला बांधलेली ट्यूब डोक्यावर धरून फिरत होतो. बाकावर पेन्सिल उभी केलेली. तिची सावली दोन्ही बाजूंना नाहीशी होईपर्यंत बाई मला “उजवीकडे, अजून, फार झालं” करत होत्या. मनीषा कुंपणापाशी उभी राहून हसत होती. म्हणाली, “लग्नाच्या वरातीत तू एवढा उजेड पाडला नव्हतास.”

मग हत्यारं. हत्यारं आणायला आम्ही कल्याणच्या बाजारात गेलो. दुकानदाराने चकचकीत पेटी दाखवली, शंभरेक नग. बाईंनी एकेक काढून विचारलं, “याचं काम काय?” सतराव्या नगाला दुकानदार घाबरला. शेवटी बाईंनी पेटी घेतलीच नाही. पान्यांचा एक सेट, स्क्रू ड्रायव्हर, पक्कड, हातोडी, जॅक आणि गाडी उचलल्यावर खाली लावायचे भक्कम लोखंडी स्टँड. स्टँड त्यांनी चार घेतले. “जॅक उचलतो, सांभाळत नाही. वर उचलणारे पुष्कळ असतात, पाटकर. खाली स्टँड लागतो.”

प्रत्येक हत्याराची आकृती भिंतीवर रंगवली गेली आणि प्रत्येकाला हजेरीपटात जागा मिळाली. खरा हजेरीपट, शाळेत असतो तसा. रोज संध्याकाळी काम संपलं की बाई चष्मा लावून उभ्या राहायच्या.

“सहा-सात?”

मी भिंतीकडे बघून म्हणायचो, “हजर.”

“आठ-नऊ?”

“हजर.”

“दहा-अकरा?”

आणि इथे घोटाळा व्हायचा. जगातल्या सगळ्या वर्कशॉपांत हरवतो तो दहा नंबरचाच पाना, असं आमचे भोईर सांगतात. पहिल्याच आठवड्यात तो गैरहजर निघाला. बाईंनी शटर अर्धं ओढलं. “मिळाल्याशिवाय वर्ग सुटणार नाही.” आम्ही बाकाखाली, गाडीखाली, वाळूच्या बादलीत शोधलं. पाऊण तासाने तो माझ्या मागच्या खिशात सापडला. मी खाली मान घालून दिला. बाईंनी तो आकृतीवर टांगला आणि म्हणाल्या, “वर्गात चोर नसतात. विसराळू असतात. उद्यापासून खिसे नसलेला लेंगा घाल.”

अशी सहा आठवड्यांत रचना पुरी झाली आणि एका शनिवारी सकाळी सिद्धतेला सुरुवात झाली.

बाईंनी मला गाडीत बसवलं. गाडी जागेवर उभी, गिअर नाही, शटर सताड उघडं, पंखा चालू. “ॲक्सिलेटर हळूहळू दाब.” मी दाबला. एका ठरावीक वेगाला मागून आवाज आला. खडखड, खडखड.

“थांब. तिथेच धर.” बाईंचा आवाज चढला. “गाडी उभी आहे. चाकं फिरत नाहीत. तरी आवाज येतो. म्हणजे?”

मी घाबरून म्हटलं, “म्हणजे… चाकांचा नाही?”

“आणि?”

“गाडी उसळत नाही, म्हणजे शॉकॲबसॉर्बरचाही नाही!”

“शाब्बास!”

मी शपथेवर सांगतो, तो शब्द त्यांच्या तोंडून माझ्यासाठी मी पहिल्यांदाच ऐकला.

मग त्यांनी बागेच्या पाइपाचा तुकडा घेतला, एक टोक कानाला लावलं आणि दुसरं गाडीच्या मागच्या बाजूला लांबूनच फिरवलं, डॉक्टरने छाती तपासावी तसं. एका जागी थांबल्या. इंजिन बंद करायला लावलं. सायलेन्सर तापलेला, म्हणून तासभर थांबलो. तेवढ्यात मनीषा पोहे घेऊन आली, भोईर सहज आलोय असं सांगत आले आणि कुठेच गेले नाहीत. मग गाडी उचलली, स्टँड लावले, स्टँडशिवाय एक सुटं चाकही खाली आडवं सरकवलं आणि चौसष्ट वर्षांच्या बेहेरेबाई खिसे नसलेल्या निळ्या डगल्यात, डोक्याला रुमाल बांधून, चटईवरून गाडीखाली गेल्या. बाहेर नुसते पायमोजे दिसत होते.

दोन मिनिटं काही नाही. मग खालून आवाज आला. “दहा नंबर.”

मी पाना दिला.

“सायलेन्सरच्या वर उष्णता अडवायला पातळ पत्रा असतो. दोन बोल्टवर. एक बोल्ट पडून गेलाय, दुसरा ढिला आहे. इंजिन ठरावीक लयीत थरथरलं की पत्रा वाजतो.” आत जरा खुडबुड झाली. “नवा बोल्ट दे. वॉशरही दे.”

त्या बाहेर आल्या तेव्हा नाकावर काळा डाग होता. गाडी खाली उतरवली. मी बसलो, चालू केली, ॲक्सिलेटर दाबला. तो वेग आला आणि गेला. नुसता इंजिनाचा आवाज. भोईरांनी टाळ्या वाजवल्या. मनीषाने पण. बाई काही क्षण गाडीकडे बघत राहिल्या, मग घाईघाईने आत गेल्या आणि हात धुऊन येऊन वहीत लिहिलं, हेच सिद्ध करायचे होते. मग लगेच माझ्याकडे वळल्या. “आज शनिवारच आहे ना?” मी हो म्हटलं. त्यांचा चेहरा असा उजळला की मला कारण कळेना.

सोमवारी आम्ही शीळफाट्याला त्या गॅरेजमध्ये गेलो. मला वाटलं आता रणकंदन. बाईंनी फक्त वही उघडून त्याच्यासमोर ठेवली, आकृतीसकट. तो उभ्या उभ्या वाचत गेला. दुसऱ्यांदा वाचलं. मग मान वर करून हळूच म्हणाला, “बाई, गाडी उभी ठेवून आवाज बघायचा, हे आमच्या डोक्यात आलंच नाही.” ‘आजी’ची ‘बाई’ झाली होती. निघताना बाई त्याला एवढंच म्हणाल्या, “पुढच्या वेळी गाडी ज्याची असेल त्याच्याकडे बघून बोल.” हल्ली अडलेलं गिऱ्हाईक आलं की तो बाईंना फोन लावतो. बाई पलीकडून विचारतात, “पक्ष काय?”

आता दर शनिवारी शेडमध्ये वर्ग भरतो. कॉलनीतल्या बायका येतात, दोन-तीन नवरेही येतात. बाई कुणाची गाडी दुरुस्त करून देत नाहीत. “तुझी गाडी, तुझे हात.” मनीषा एअर फिल्टर बदलायला शिकली आणि मी मदतीला गेलो तर मला म्हणाली, “बाजूला हो, उजेड अडवतोयस.” रविवारी मात्र शटर बंद असतं. बाई सकाळीच लाल गाडी घेऊन जातात, संध्याकाळी परततात. कुठे, ते कुणी विचारलं नव्हतं. बाईंना प्रश्न विचारायची सवय कुणालाच नाही. आम्हाला फक्त उत्तरं द्यायची सवय आहे.

मागच्या महिन्यात बाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी गाडी चालवायला मनाई केली. शुक्रवारी त्या काळा चष्मा लावून आमच्या दारात आल्या.

“पाटकर, रविवारी मोकळा आहेस का?”

“हो, बाई, म्हणजे तसा…”

“नसशील तर हो.”

रविवारी लाल गाडी मी चालवत होतो. कल्याण मागे टाकून नाशिक हायवेने पडघ्याच्या बाजूला, मग खडवलीच्या फाट्यावरून आत. रस्त्यात बाई फक्त वळणं सांगत होत्या. नदीच्या अलीकडे एक बैठं घर होतं, भोवती आंब्याची झाडं, निळं गेट. गेटच्या आत बाकावर साठीकडे झुकलेला एक माणूस बसला होता. इस्त्रीचा शर्ट गळ्यापर्यंत बंद, केस पाणी लावून बसवलेले, पायांत नवे कॅनव्हासचे बूट. गाडी दिसताच तो उठून टाळ्या वाजवायला लागला.

“बेबीताई! बेबीताई आली!”

मी मागे बघितलं. बेहेरेबाई, ज्यांच्या नुसत्या खोकल्याने आमचा वर्ग गप्प व्हायचा, त्या बेबीताई गाडीतून उतरत होत्या. “हळू, विनू, पडशील.”

विनायक त्यांचा धाकटा भाऊ. वयाने अठ्ठावन्न, मनाने सहा-सात वर्षांचा. आई होती तोवर आईजवळ, मग बाईंजवळ, त्या आमच्या ओळीत राहायला येण्याआधी. बाईंचं कमरेचं दुखणं सुरू झालं, त्याला एकटीने सांभाळणं जमेना, तेव्हा तो इथे आला. हे मला तिथे त्याच्यासारख्यांची काळजी घेणाऱ्या मावशींनी सांगितलं, बाई आत त्याची स्वेटरची पिशवी देत होत्या तेव्हा.

“त्याला गर्दी नाही चालत, रिक्षाचे हादरे नाही चालत,” मावशी म्हणाल्या. “म्हणून ताई गाडी शिकल्या. रविवारी फिरायला नेतात. गाडी म्हणजे त्याचा जीव. पण मध्ये तो आवाज यायला लागला ना, कान झाकून रडायला लागला. बसेचना. तरी ताई यायच्या. गाडी गेटाबाहेर ठेवायच्या आणि दोघं या बाकावर बसून राहायची. सहा-सात रविवार तसेच गेले. मग एके रविवारी आल्या आणि त्याला म्हणाल्या, ‘चल, विनू, आवाज गेला.’ तो दारात अर्धा तास उभा राहिला. ऐकत. मग बसला.”

मी जाऊन गाडीचं पुढचं दार उघडून ठेवलं.

विनू पुढे माझ्या शेजारी बसला, बाई त्याच्या मागे. त्याने सीटबेल्ट दोन्ही हातांनी घट्ट धरला आणि माझ्याकडे नीट बघितलं. “हा कोण?”

“हा पाटकर. माझा विद्यार्थी.”

“हुशार आहे?”

मी आरशात बघितलं. भूमितीत मला दहावीला जेमतेम छत्तीस पडले होते आणि ते बाईंना मुखोद्गत आहेत. काळ्या चष्म्यामागे काय चाललं होतं ते दिसलं नाही.

“हो,” बाई म्हणाल्या. “फार हुशार आहे.”

आम्ही हायवेच्या फाट्यापर्यंत गेलो. टपरीवर विनूने चहात सहा बिस्किटं बुडवून खाल्ली, दोन पडली ती चमच्याने काढून खाल्ली. प्रत्येक ट्रकला हात केला. एका ट्रकवाल्याने हॉर्न वाजवून हात केला तर गडी पाच मिनिटं हसत होता आणि बाई त्याच्याकडे बघून हसत होत्या, तोंडावर हात न ठेवता, मोठ्याने. चौतीस वर्षं वर्गात हे हसू कुठे ठेवलं होतं कोण जाणे.

परतताना त्याची मान पडायला लागली. डोकं खिडकीच्या काचेकडे कललं. बाईंनी मागून हात पुढे घातला आणि तळवा काच आणि त्याच्या कानशिलाच्या मध्ये ठेवला. तो गाढ झोपला. हात तसाच राहिला. रस्ता आतला, खड्ड्यांचा. मी जमेल तितकी सावकाश चालवत होतो.

निळं गेट दिसलं. मावशी बाहेर येऊन उभ्या होत्या. मी इंडिकेटर दिला. गाडीत टिक-टिक सुरू झाली.

“तो बंद कर,” बाई अगदी हळू म्हणाल्या. “आणि सरळ चल.”